काळे ते काळेच दिसू द्या



दशलक्षण पर्व आले की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर भगवंतांच्या फोटोंचा पाऊस पडतो. सकाळचा अभिषेक, शांतिधारा, विधानाचे मांडणे, पाठशाळेच्या मुलांचा कार्यक्रम. पाठवणारा मोठ्या भावनेने पाठवतो, आपणही हात जोडतो आणि पुढे सरकतो. पण कधी नीट पाहिलेत का? काळ्या पाषाणाची मूर्ती फोटोत राखाडी दिसते आणि पांढऱ्याशुभ्र संगमरवराची मूर्तीही मळकट राखाडीच दिसते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे आज सांगणार आहे. त्यासाठी माझ्या छोट्या कॅमेऱ्याची ओळख करून द्यावी लागेल. स्वयंपाक, व्रत, लोणची-पापड सोडून ही आज यंत्राचे काय घेऊन बसली, असे म्हणू नका. वाचल्यावर उपयोग होईल.

माझा कॅमेरा कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस. २००७ साली बाजारात आलेला, तळहातात मावणारा. मुलाने पहिल्या नोकरीत घेतला आणि मोबाइल चांगला आल्यावर घरी आणून ठेवला. दोन पेन्सिल सेलवर चालतो, म्हणून आमच्या जिंतूरसारख्या गावातही अडत नाही. सोबत कातड्याचे पाकीट घेतले नाही. जुन्या खणाच्या कापडाची अस्तर लावलेली थैली शिवली, ती अजून टिकून आहे.

कातड्याचे आपण सगळ्याच पाहतो. पण जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातली एक गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा जो थर असतो, तो जिलेटिनमध्ये कालवलेला असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. स्टुडिओत फोटो ज्या कागदावर उमटायचे, त्यावरही तोच थर. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी नखाएवढी सिलिकॉनची चकती आली. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, तेव्हा एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद लागत. आज तेच काम डोळ्याचे पाते लवायच्या आत होते, आणि रोल नाही म्हणून जिलेटिनही नाही. आपल्या घरात या यंत्राला जागा द्यायला मला हे कारण पुरेसे वाटले.

आता खरे कारण सांगते. माझ्या सासूबाई ८८ वर्षांच्या. गुडघ्यांनी साथ सोडली, त्याला आता सहा वर्षे झाली. मंदिरजी घरापासून दोन गल्ल्यांवर, पण तेही त्यांना परदेशासारखे दूर झाले. मूळनायक भगवान नेमिनाथ, काळ्या पाषाणातले. लग्न होऊन आल्यापासून एक दिवस दर्शन चुकले नव्हते. पुतण्याने मोबाइलवर फोटो पाठवला, तो मी टीव्हीवर मोठा करून दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे कुठले भगवंत म्हणावं? राख फासल्यावानी दिसायलेत. आपले नेमिनाथ असे हायेत का?"

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. चोवीस तीर्थंकरांचे वर्ण शास्त्रात सांगितलेले आहेत. चंद्रप्रभू आणि पुष्पदंत श्वेत, मुनिसुव्रत आणि नेमिनाथ श्याम, पद्मप्रभ आणि वासुपूज्य लाल, सुपार्श्वनाथ आणि पार्श्वनाथ हरित, बाकीचे सोळा सुवर्णवर्ण. हे पाठशाळेतले लहान मूलही घडाघडा म्हणते. आणि कॅमेरा मात्र श्यामवर्ण नेमिनाथ आणि श्वेतवर्ण चंद्रप्रभू, दोघांनाही एकाच राखेच्या रंगात नेऊन बसवतो. मोबाइल असो की कॅमेरा, आपोआप काढलेल्या फोटोत हेच व्हायचे.

यामागचा हिशेब साधा आहे. कॅमेऱ्याला समोर काय आहे हे कळत नाही, त्याला फक्त किती प्रकाश आत येतो ते कळते. म्हणून त्याला एक सरासरी शिकवून ठेवलेली असते: समोरचे दृश्य साधारणपणे मध्यम राखाडी आहे असे धर आणि त्या बेताने फोटो उजळ कर. फोटोग्राफीत या राखाडीचे माप म्हणून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारा पुठ्ठा वापरतात. घर, झाड, माणसे असा मिसळीचा देखावा असेल तर हा अंदाज बरोबर येतो. पण चौकटभर काळा पाषाण आला की कॅमेऱ्याला वाटते, अरेरे, प्रकाश फारच कमी! तो फोटो उजळवतो, आणि काळ्याचे राखाडी होते. चौकटभर पांढरा संगमरवर आला की त्याला वाटते, फारच लखलखाट झाला. तो फोटो दाबून टाकतो, आणि पांढऱ्याचेही राखाडी होते. सगळ्यांच्या ताटात सारखेच मीठ वाढणाऱ्या वाढप्यासारखे त्याचे चालते. कोणाला किती हवे, हे सांगायला आपल्यालाच उभे राहावे लागते.

हे सांगायची जागा म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरची गोल चकती. तिच्यावरची चिन्हे पाहून घाबरू नका, एकेक सांगते.

हिरवा चौकोन म्हणजे ऑटो. यात सगळे कॅमेरा ठरवतो आणि आपल्याला बोलायची सोय जवळजवळ ठेवत नाही. लग्नकार्यात, नातवंडांच्या पळापळीत हाच चांगला.

पी म्हणजे प्रोग्राम. यातही प्रकाशाचा हिशेब कॅमेराच करतो, पण आपले म्हणणे ऐकतो. फ्लॅश हवा की नको, रंग कसा हवा, फोटो थोडा उजळ की थोडा गडद, हे आपण सांगू शकतो. मैत्रिणींनो, चकतीवरचे एकच अक्षर लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

टीव्ही असे लिहिलेले दिसते, त्याचा दूरदर्शनशी संबंध नाही. यात आपण वेळ ठरवतो, म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहावा ते. एव्हीमध्ये भिंगामागचे छिद्र किती मोठे हवे ते आपण ठरवतो. दुसरी बाजू कॅमेरा जुळवून घेतो. एममध्ये दोन्ही आपल्याच हाती.

मी मराठवाडा विद्यापीठाची बी.कॉम. मला हे सगळे खतावणीसारखे वाटले आणि चटकन समजले. प्रकाशाची तीन खाती धरा. पहिले छिद्र, दुसरे वेळ, तिसरे आयएसओ, म्हणजे आतल्या चकतीची संवेदना. वेळेत १/६० सेकंदाचे १/३० केले की प्रकाश दुप्पट. आयएसओ १०० चे २०० केले की फोटोचा उजेड दुप्पट. एका खात्यात दुप्पट जमा केले आणि दुसऱ्यात निम्मे केले की ताळेबंद जुळतो, फोटो तेवढाच उजळ राहतो. छिद्राचे आकडे तेवढे उलटे चालतात. एफ २.६ हे मोठे छिद्र आणि एफ ५.५ हे लहान, कारण तो आकडा भागाकारातला खालचा आहे. पाव भाकरी अर्ध्या भाकरीपेक्षा लहान असते, तरी चार हा आकडा दोनपेक्षा मोठा, तसेच हे.

आणि जशी उधारी फुकट नसते, तसे यातही काही फुकट नाही. वेळ वाढवली की हात हलून फोटो पुसट होतो. आयएसओ वाढवला की फोटोवर रव्यासारखे दाणे दिसू लागतात. छिद्र मोठे केले की पुढचे-मागचे सगळे एकसारखे स्पष्ट येत नाही, पण छोट्या कॅमेऱ्यात हा फरक कमी जाणवतो.

आता मूळ मुद्दा. चकती पी वर ठेवा. मेनूमध्ये अधिक आणि उणे अशी खूण असलेली एक पट्टी सापडेल. उणे २ पासून अधिक २ पर्यंत, मध्ये शून्य, आणि एकेक पायरी एक तृतीयांशाची. काळ्या मूर्तीसाठी काटा उणेकडे न्या, पांढऱ्या मूर्तीसाठी अधिककडे. बस, एवढेच.

मंदिरजीच्या पंचांची परवानगी घेतली. सकाळी प्रक्षाळ झाल्यावर, मूर्ती पुसून कोरडी झाल्यावर गेले, कारण ओल्या पाषाणावर उजेडाचे पांढरे डाग पडतात. नेमिनाथांचे तीन फोटो काढले: उणे एक तृतीयांश, उणे दोन तृतीयांश आणि उणे एक. आमच्या मूर्तीला उणे दोन तृतीयांश लागू पडले. उणे एकमध्ये काळेपणा गहिरा आला, पण पीठावरचा शंख अंधारात गेला, आणि लांछनच दिसले नाही तर भगवंत कोणते ते कसे ओळखायचे? शेजारच्या वेदीवर चंद्रप्रभूंची पांढरी मूर्ती आहे, तिला अधिक दोन तृतीयांश लागले. तुमच्याकडे पाषाण वेगळा, उजेड वेगळा, म्हणून तीन-तीन काढा आणि घरी निवांत निवडा. रोल संपायची भीती आता नाही.

एक गंमत सांगते. या कॅमेऱ्यात बर्फाचे चित्र असलेला एक खास मोड आहे. परभणी जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तिथे बर्फ कुठला आणायचा, असे मुलगा हसायचा. पण बर्फ म्हणजे काय, तर चौकटभर पांढरे! त्या मोडमध्ये कॅमेरा आपणहून फोटो उजळ ठेवतो. संगमरवरी मूर्ती, पांढऱ्या साडीतल्या आर्यिका माताजी, पांढऱ्या वस्त्रावर तांदळाने काढलेले स्वस्तिक, यांच्यासाठी तो उपयोगी पडतो. फटाक्यांचे चित्र असलेलाही एक मोड आहे. आपल्याकडे दिवाळी म्हणजे महावीर भगवंतांचा निर्वाणदिन, जीवहिंसा नको म्हणून आम्ही फटाके उडवत नाही, त्यामुळे ते चित्र १७-१८ वर्षांत एकदाही वापरले गेले नाही.

गाभाऱ्यात उजेड कमी असतो, ही दुसरी अडचण. पहिला मोह फ्लॅशचा होतो. विजेची खूण असलेले बटण दाबून तो बंद करा. एक तर घासून गुळगुळीत झालेल्या पाषाणावर त्याचा पांढरा झोत उमटतो आणि चेहऱ्यावरची शांती हरवते. दुसरे, छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. सभामंडपाच्या टोकाला उभे राहून फ्लॅश मारणारे फक्त पुढच्या माणसांची डोकी उजळवतात. आणि तिसरे, जुन्या लेण्यांत वटवाघळे असतात, त्या मुक्या जिवांना अचानक झोताने कशाला घाबरवायचे? अजिंठ्याला तर चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाईच आहे.

दुसरा मोह झूमचा. सोवळ्याच्या वस्त्रांशिवाय आपण मूर्तीजवळ जात नाही, म्हणून लांबूनच फोटो घ्यावा लागतो आणि झूम लागतोच. पण त्याची किंमत माहीत असू द्या. माझ्या कॅमेऱ्यात झूम नसताना छिद्र एफ २.६ असते, पूर्ण झूमवर ५.५ होते. म्हणजे आत येणारा प्रकाश चौथाईहूनही कमी. जिथे १/१५ सेकंद पुरले असते तिथे १/४ सेकंदाच्या जवळ लागतात, आणि एवढा वेळ माझ्या वयाचा हात स्थिर राहत नाही. इथे उणेची पट्टी पुन्हा कामी येते. काळ्या मूर्तीसाठी उणे एक केले की कॅमेरा निम्माच वेळ घेतो, म्हणजे रंगही खरा येतो आणि हलण्याची भीतीही निम्मी होते. पांढऱ्या मूर्तीचे मात्र उलटे, तिथे वेळ वाढतो, म्हणून टेकू हवाच.

टेकू म्हणून मी वीतभर लांबीची कापडी पिशवी शिवली. ज्वारी भरली असती तर कीड लागून जीवहिंसा झाली असती, म्हणून जुन्या तोरणाचे प्लॅस्टिकचे मणी भरले. खांबाच्या बैठकीवर किंवा शास्त्र ठेवायच्या चौरंगाच्या कडेला पिशवी ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा, आणि घड्याळाची खूण असलेला दोन सेकंदांचा टायमर लावायचा. बोटाने बटण दाबताना बसणारा धक्का फोटो निघेपर्यंत शांत होतो. बटण आधी अर्धे दाबा, हिरवी चौकट दिसली की फोकस झाला. सपाट काळ्या पाषाणावर फोकस धरत नाही. छातीवरच्या श्रीवत्सावर किंवा चेहऱ्याच्या कडेवर चौकट आणली की लगेच धरतो.

आमच्या जिंतूरजवळच्या नेमगिरीला तुमच्यापैकी पुष्कळ जणी जाऊन आल्या असतील. लेण्यांची दारे लहान, वाकून आत जायचे, आणि आतल्या मूर्ती मोठ्या. तिथली पार्श्वनाथ भगवंतांची मूर्ती एका लहानशा दगडाच्या आधारावर टेकलेली आहे, म्हणून अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. अशा जागी आधी कार्यालयात विचारावे, परवानगी असेल तरच कॅमेरा बाहेर काढावा. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पाच मिनिटे स्वस्थ बसावे, णमोकार म्हणावा, डोळे अंधाराला सरावू द्यावेत. दार चौकटीत येणार नाही असे उभे राहावे, नाहीतर बाहेरच्या उन्हाचाच हिशेब धरून कॅमेरा आतले सगळे काळोखात ढकलतो. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या इंद्रसभा लेण्यातही हीच काळजी घ्यावी.

तिसरी गोष्ट रंगाची. पिवळ्या बल्बखाली संगमरवर हळदीसारखा दिसतो. आपला डोळा हे मनातल्या मनात दुरुस्त करतो, कॅमेऱ्याला सांगावे लागते. त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. मेनूत सूर्य, ढग, बल्ब आणि ट्यूबलाइटची चित्रे असतात. ज्या उजेडात मूर्ती आहे ते चित्र निवडा. दिवसा दाराचा उजेड आणि आतला बल्ब असे मिश्रण असेल तर बल्ब थोडा वेळ बंद करायला सांगा.

फोटो घेऊन घरी आले. टीव्हीचा भडक चित्राचा मोड बदलून साधा केला, नाहीतर उणे-अधिकची सगळी मेहनत तिथे वाया जाते. नेमिनाथांचा फोटो लावला. सासूबाईंनी चष्मा पुसला, पदर डोक्यावर घेतला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हां. हे आपले." थोड्या वेळाने शंखाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथं डाव्या अंगाला एक बारीक टवका उडालेला हाय बघ. मी नवी नवरी असल्यापासून हाय." मी फोटो मोठा केला. टवका होता. चाळीस वर्षे मी त्याच मूर्तीसमोर उभी राहते, मला तो कधी दिसला नव्हता.

मी म्हटले, "आई, आता रोज सकाळी लावत जाऊ, घरबसल्या दर्शन होईल." त्यावर त्या म्हणाल्या, "दर्शन न्हाई म्हणायचं. प्रतिष्ठा मूर्तीची झालेली असती, फोटोची न्हाई. हे स्मरण." त्यांचे ज्ञान आपल्या पदवीपेक्षा पक्के. आता रोज सकाळी त्या फोटो पाहतात, मग डोळे मिटून बसतात. डोळे मिटल्यावर काय दिसते, ते मी विचारत नाही. पण जे दिसते त्याचा रंग तरी बरोबर असावा, एवढे माझ्या हातात होते.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी मोबाइलवर हेच करावे. बहुतेक मोबाइलमध्ये मूर्तीवर बोट टेकवले की शेजारी सूर्याचे छोटे चित्र येते. काळ्या मूर्तीसाठी ते खाली ओढा, पांढऱ्यासाठी वर. फ्लॅश बंद, टायमर लावा, मोबाइल कशाला तरी टेकवा.

पुढच्या वेळी घरातल्या हस्तलिखित पोथ्यांचे फोटो कसे घ्यावेत ते लिहीन. त्यासाठी फुलाच्या चित्राचे बटण लागते. तोवर एकच काम करा: ज्या घरात कोणी म्हातारे माणूस उंबऱ्याबाहेर पडू शकत नाही, तिथे त्यांच्या मंदिरजीतल्या भगवंतांचा एक फोटो, खऱ्या वर्णाचा, नेऊन दाखवा. आणि तो बरोबर आला की नाही, हे त्यांनाच विचारा.